हत्ती वाळेपर्यंत

५ जुलै १९३७, सोमवार. लोणावळे.

माझी लेक मालू सात वर्षांची असताना आम्ही दोघी याच ओट्यावर बसून वाटाणे सोलत असू. आमच्या मधे तिचे कापडी अस्वल. मालू एक दाणा टोपलीत टाकी, एक तोंडात, आणि एक अस्वलाच्या तोंडाशी नेऊन पुन्हा आपल्याच तोंडात. "त्याचं पोट भरलं," म्हणे. त्या दिवसांत विशेष असे काहीच घडले नाही. नवव्या वर्षी ती तापात गेली.

शनिवारी भास्कर मला पुण्याला न्यायला येणार. म्हणतो, आई, या पावसात एकटी राहू नकोस, आता कायमचीच चल. घरमालकालाही त्याने परस्पर कळवून टाकले आहे. मी जाणार नाही हे ठरलेले आहे. फक्त 'नाही' कसे म्हणायचे ते ठरायचे आहे.

मालूच्या खेळण्यांना, म्हणजे अस्वल, ससा आणि हत्ती यांना, बुरशीचा वास येतो. दिवाळीत सूनबाई इंदू बाळाला घेऊन आली होती. इंदूने अस्वल हातात घेतले आणि ती शिंकली. बोलली काही नाही. पण मला माणसे कळतात. ती यांना घरात घेणार नाही, आणि यांच्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही. तेव्हा उद्या तिघांना धुणे. म्हणजे जायचेच झाले तर. जाणार नाहीच.

६ जुलै, मंगळवार. सकाळी ९.

कॉन्व्हेंटात मदर अ‍ॅग्नेसनी शिकवलेली मेथड अजून पाठ आहे. कोमट पाणी. साबणाचा कीस. पिळायचे नाही. आत भुसा असेल तर बुडवायचे नाहीच. नुसता फेस फडक्याने लावायचा आणि लगेच टिपून घ्यायचा. डिसिप्लिन असले की काही बिघडत नाही.

दुपारी २.

ससा कापसाचा, तो टबात. उत्तम.

हत्तीला फेसच लावणार होते. पाठीवरचा डाग निघेना, म्हणून पाठ जराशी पाण्यात धरली. पाठ भिजल्यावर पोट कोरडे ठेवून काय मिळवायचे? बुडवला.

अस्वल भुशाचे, त्याला मात्र फक्त फेस. तो थोडा जास्त झाला. पोटातून तपकिरी पाणी यायला लागले. माळी नथू खिडकीतून बघत होता. म्हणाला, "बाईसाहेब, अस्वलाचं पोट बिघडलं जनू." मी खिडकी लावून घेतली.

अस्वलाचे डोके धुतले नाही. डाव्या कानामागे मालूच्या माक्याच्या तेलाचा वास अजून आहे. निदान मला येतो. शिवाय डोके स्वच्छच आहे.

७ जुलै, बुधवार.

पाऊस थांबत नाही. धुके खिडकीतून आत येऊन खुर्चीवर बसते. दोरीवरचे काहीही वाळत नाही. गुडघ्यामुळे सध्या मी फाटकापर्यंतही जाऊ शकत नाही.

धोंडाबाई आंदर मावळातली. कामाला येताना डोक्यावर घोंगडी आणि काखेत कोंबड्या झाकायचे डालगे घेऊन आली. शेगडीवर ते पालथे घातले की वर काहीही वाळते म्हणाली. "बाळंतिनीच्या घरात दुपटी अशीच वाळत्यात. हत्ती बी वाळंल. त्याला काय धाड भरलीय?"

तिघांना वर मांडले. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून हत्तीभोवती गोणपाट आणि वरून माझी शाल गुंडाळली. गेल्या हिवाळ्यात उंदरांनी त्याचे पोट रिकामे केले होते, तेव्हा मी स्वतः कामशेतहून आणलेली भाताची पळंजी आत भरली होती. दाणा नसलेली पोकळ टरफले. हलकी, स्वच्छ. तेव्हा आत काळजी करण्यासारखे काही नाही.

भास्करला निरोप पाठवावा काय? 'प्राणी ओले आहेत, शनिवारी निघता येणार नाही.' कारण चांगले आहे. खरेही आहे.

८ जुलै, गुरुवार.

पाऊस.

ससा वाळला. कापूस सगळा पायांत उतरला आहे, कान रिकामे. बसतो मात्र छान.

अस्वलाला एका बाजूने करपल्याचा वास. बुरशीचा गेला, ही सुधारणाच.

हत्ती गरम आणि ओला. शाल काढली नाही. घाई करून उपयोग नसतो.

९ जुलै, शुक्रवार.

हत्तीच्या पोटाच्या शिवणीतून पांढरे दोरे बाहेर आलेले दिसले. शिवण उसवली म्हणून एक ओढला. दोऱ्याबरोबर भाताचा दाणा आला. मोड आलेला.

पळंजीत चांगले दाणे होते. म्हणजे चूक व्यापाऱ्याची.

धोंडाबाई हसता हसता खालीच बसली. "अवो बाईसाहेब, आमी बी गोनीत रुजत घालतो, तुमी हत्तीत घातलं! ह्यो हत्ती हाय का वाफा?" मग नथूही आला. लावणीला कधी काढायचा, म्हणून विचारू लागला. मी दोघांना सांगितले की मेथडमध्ये काही चूक नव्हती.

एक बरे झाले. रुजणारा हत्ती घेऊन प्रवास कर, असे कोणताही मुलगा आईला म्हणणार नाही.

१० जुलै, शनिवार. दुपारी ४.

भास्कर नखशिखांत भिजून आला. चहा होईपर्यंत मी त्याला सगळे नीट समजावले. इंदूची शिंक. तिला असल्या मळक्या वस्तू चालणार नाहीत. म्हणून धुतल्या. वाळल्या नाहीत. म्हणून निघता येत नाही.

त्याने सगळे ऐकले. म्हणाला, इंदू देवघर पुसतानाही शिंकते, तिला धुळीचे तसे होते. मालूताईच्या अस्वलासाठी तिने काचेचे कपाट रिकामे करून ठेवले आहे. बाळाच्या हातात कधी दिले तर आईंना चालेल का, एवढे विचारायला सांगितले आहे. "जसं होतं तसंच हवं होतं तिला. तू धुतलंस कशाला, आई?"

मी म्हणाले, निदान हत्ती वाळेपर्यंत थांबू.

तो हत्तीकडे बघत राहिला. "हा आता वाळायचा नाही, आई. वाढायचा."

मग बराच वेळ तो माझी ट्रंक भरत होता, आणि मी त्याला काय कुठे आहे ते सांगत होते.

११ जुलै, रविवार. सकाळी ६.

निघण्यापूर्वी सांगून ठेवायचे:

टब नथूला. फुटका नाही, फक्त गळतो.

शेगडी धोंडाबाईला. ससा तिच्या नातीला. कान रिकामे आहेत हे आधीच सांगावे, नंतर रुसवा नको. हत्तीतले भात ती आपल्या खाचरात टाकणार आहे. हत्तीचे कापडही तिलाच. पुन्हा काही भरायचे झाले तर कापूस भरावा.

मी भास्करला. पावसाळ्यापुरतीच.

अस्वल बाळाला. डोके धुवायचे की नाही ते इंदूने ठरवावे.