रविवारी उमटलेली दुसरी रेघ

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर,
दि. ११ ऑगस्ट २००५

ती. जगदेवी आक्कास,

धाकट्या बसवंतचा शरणार्थ. सिंधु आणि मी इकडं धडधाकट आहोत. तू गुडघ्याला तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस, ते खरं खरं कळव. किनवटची हवा तुला मानवो, तुझ्या वसतिगृहातल्या दीडशे पोरी सुखात राहोत आणि त्यांच्या डोक्यातल्या उवा या महिन्यात तरी कमी होवोत.

तुझं कार्ड पोचलं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर चारच शब्द, ‘पेढे कशाचे? ताबडतोब कळव.’ (हेडमास्तरनं नोटीस काढावी तसं लिहितेस तू. मी काय तुझ्या होस्टेलची पोरगी आहे?) पण चूक माझीच. किनवटच्या एका विद्यार्थ्याबरोबर पेढ्यांचा पुडा पाठवला आणि वर चिठ्ठी लिहिली, ‘आधी खा, कारण मागाहून.’ त्या मागाहूनला आता पंधरा दिवस झाले. फोन का केला नाहीस म्हणशील. आक्का, तुमचा फोन ऑफिसात. तू हॅलो म्हणालीस की आख्खं वसतिगृह कान देऊन उभं राहतं. तसल्या शांततेत सांगायची ही गोष्ट नाही. म्हणून हे पत्र दार लावून वाच. शेवट गोड नाही हे आधीच सांगून टाकतो, उगं आशा लावून बसू नकोस. पण कुणाचं वाईटही झालेलं नाही. जे काय झालं ते माझं हसं झालं.

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. भूकंपानंतर आपल्या घरात माणसं उरली दोन, तू आणि मी. सिंधु आली, तीन झालो. त्यानंतर तो आकडा काही केल्या हलत नाही. (तू कधी विचारत नाहीस. का विचारत नाहीस तेही मला कळतं, आणि त्यानं जास्तच जीव कासावीस होतो.) दर महिन्याला सिंधु चार दिवस गप्प असते, मी वर्गात पोरांवर खेकसतो आणि पाचव्या दिवशी आम्ही दोघंही काही झालंच नाही असं दाखवतो. जुलैत मात्र मला काय वाटलं कोण जाणे, मी ठरवलं की या महिन्यात वाट बघत बसायचं नाही, घरच्या घरी टेस्ट करायची. पट्टीवर लघवीचे दोन-तीन थेंब टाकायचे, एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर हो. एवढं सोपं असताना माणसानं महिनाभर झुरावं कशाला?

आता ही पट्टी विकत आणायची कशी, यातच दोन दिवस गेले. आपल्या गल्लीच्या तोंडावरचं मेडिकल अबुजरचं आहे. हा अबुजर माझ्या रिपीटर बॅचचा विद्यार्थी, डी.फार्म. करून दुकानात बसला. पहिल्या दिवशी मी गेलो आणि खोकल्याचं औषध घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी पोटदुखीच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी दुकानात दोन बायका आणि आमच्याच क्लासची चार पोरं उभी, तेव्हा मी तोंडाला येईल ते, म्हणजे इसबगोल मागितलं. अबुजर गुणी पोरगा. त्यानं इसबगोलबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा माझ्या पिशवीत सरकवला आणि हळूच म्हणाला, ‘सर, आत कागद हाय, पहिले तो वाचा.’ वर्षभर पोरांच्या कानी-कपाळी ओरडत असतो मी, सूचना वाचा, मग पेनाला हात लावा. स्वतः काय केलं? कागद पुडीतच राहिला आणि इसबगोल आजतागायत कपाटात पडून आहे.

तुला लातूरची रीत माहीत आहे. मुख्य परीक्षेआधी सराव परीक्षा, तिच्याआधी सरावाचा सराव. रोज पेपर, रोज तपासणी. त्याच्यावरच तर हे गाव चालतंय. मीही तसंच केलं. सिंधुची तारीख दहा दिवसांवर असताना सोमवारपासून रोज एक टेस्ट लावली. सिंधु म्हणाली, अहो, पेपर निघायच्या आधीच निकाल कसा बघता? मी म्हटलं, तू गप्प बस, सायन्स माझं आहे. (ती जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. तिसरीच्या बाईंना होती तेवढी अक्कल मला नव्हती.) वर आणखी शहाणपणा ऐक. माझी सुट्टी दुपारी, म्हणून टेस्ट दुपारी. आणि सॅम्पल कमी पडायला नको म्हणून मी तिला आधी दोन तांबे पाणी पाजायचो! द्रावण पातळ केलं की त्यातला पदार्थ सापडत नाही, हा धडा मी सात वर्षं शिकवतो आहे. सोमवारी एक रेघ. मंगळवारी एक, बुधवारी एक, गुरुवारी एक. शुक्रवारी सिंधुनं मला हात जोडले, म्हणून थांबलो.

पण मी त्या चारही पट्ट्या टाकून दिल्या नाहीत. वार आणि तारीख घालून उत्तरपत्रिकांच्या पाकिटात ठेवल्या. आमच्या क्लासचा नियम आहे, आठवड्याचे सगळे पेपर रविवारी दुसऱ्यांदा तपासायचे. घाईत मास्तराच्या नजरेतून सुटलेला मार्क पोराला मिळाला पाहिजे. त्या रविवारी मी पोरांचे पेपर तपासले आणि हात आपसूक पट्ट्यांच्या पाकिटात गेला. गुरुवारची पट्टी उजेडात धरली, आणि आक्का, दुसरी रेघ! फिकट, पेन्सिलीनं ओढून खोडलेली असावी तशी, पण होती. मी सिंधुला ओरडून बोलावलं. तिनं पट्टी खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, परत डोळ्यांजवळ धरली. मग पट्टी माझ्या हातात दिली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं, मी म्हटलं, तू नको, मी मळतो. त्या रात्रीच्या भाकरी कशा झाल्या ते विचारू नकोस.

तिसरा महिना लागेपर्यंत बाहेर बोलू नये हे मला सिंधुनं चारदा बजावलं. मी कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. पण आनंद पोटात मावेना, तर सोमवारी सगळ्या बॅचला पेढे वाटले. दोनशे पोरं. कशाचे सर, कशाचे सर, म्हणून गिल्ला. मी म्हटलं, काही नाही, सहज. बस्स! लातुरात मास्तरानं सहज पेढे वाटले याचा अर्थ एकच, त्यानं स्वतःचा क्लास काढला. दुपारपर्यंत पोरांनी माझ्या क्लासला नावही ठेवलं होतं. पुढच्या बाकावरच्या तिघी रडायला लागल्या, की आता आमची ऑरगॅनिक केमिस्ट्री कोण घेणार. संध्याकाळी मालकांनी, म्हणजे वीरण्णा सरांनी, केबिनमध्ये बोलावून चहा मागवला (सात वर्षांत पहिला चहा), दार लावलं आणि म्हणाले, ‘सर, खरं सांगा, कोणत्या चौकात जागा बघितली?’ मी गुरूची शपथ घेतली, पण शपथ घेताना मला हसू फुटलं, आणि त्यांना पुरतीच खात्री पटली. दुसऱ्या दिवशी शिवाजी चौकातल्या क्लासच्या बॅनरवर माझा फोटो त्यांच्या फोटोएवढा झालेला! त्यात मी असा हसतो आहे की लोक थांबून बघतात. तो उतरवा म्हणून आता कुठल्या तोंडानं सांगू?

ते तीन दिवस सांगतो तुला. सिंधु जिन्यावरून कठड्याला धरून उतरायची. मी स्कूटर खड्डे चुकवत अशी चालवायचो की सायकलवाले पुढं जायचे. छताच्या कडीला झोका पेलेल का, म्हणून मी स्वतः लोंबकळून बघितलं. (पेलतो.) तुझं नाव मध्ये घेऊन आम्ही नावांवरून भांडलोसुद्धा. मी इतका सुखी कधी झालो होतो ते मला आठवत नाही, आक्का. लिहितानाही लाज वाटत नाही.

बुधवारी डॉक्टर विनीता मॅडमकडं गेलो. मी पाकीट टेबलावर ठेवलं, चारही पट्ट्या वारानुसार मांडल्या. त्यांनी विचारलं, टेस्ट कधीची? गुरुवारची. रेघ कधी दिसली? रविवारी. मॅडमनी चष्मा काढून पुसला. हसल्या मात्र नाहीत, हे त्यांचे उपकार. नीट समजावून सांगितलं. गर्भ रुजल्यावरच अंगात ते हार्मोन तयार होतं, आणि लघवीत पुरेसं उतरायला दिवस जावे लागतात. म्हणून तारीख टळायच्या आधी पट्टीला विचारूच नये, विचारलं तर ती असूनही नाही म्हणू शकते. विचारायचं तर सकाळची पहिली लघवी, पाणी पिण्याआधी. आणि उत्तर कागदावर दिलेल्या वेळात, पाचेक मिनिटांत वाचायचं आणि पट्टी फेकून द्यायची. नंतर वाळताना जी फिकट रेघ दिसते, तिला काही अर्थ नसतो. त्यांनी तिथंच एक टेस्ट केली. एकच रेघ. पुढंही त्या सिंधुला काहीबाही सांगत होत्या, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी पट्ट्या गोळा करत होतो.

येताना स्कूटरवर डोळ्यात धूळ गेली म्हणून मला गांधी चौकात थांबावं लागलं. सिंधु मागून उतरली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, ‘तीन दिस तर आपुन चार होतो की, आक्काला धरून.’ घरी आल्यावर तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि मी जेवेपर्यंत उठली नाही. चूक माझी, आशा मी लावली, आणि समजूत तीच घालत बसली.

तर पेढे कशाचे, ते हे असं. कॅलेंडरवरच्या खुणा मी खोडून टाकल्या आहेत. तारखेबद्दल तिला विचारायचं नाही, टेस्टचं नाव काढायचं नाही, असं ठरवलंय आणि पाळतोही आहे. तू खाल्लेले पेढे पचले असतील. पोरींना वाटले असशील तर भावाचा फोटो बॅनरवर आला म्हणून सांग, ते खोटं नाही.

तुझा,
बसवंत

ता. क. या वर्षी राखीला येण्याची दगदग करू नकोस. किनवट ते लातूर म्हणजे तुझ्या गुडघ्याची वाट लागायची. राखी पोस्टानं पाठव, सिंधु बांधेल.

आणखी ता. क. वरचं लिहिलं ते मनापासून नव्हे. पण आलीस तर सिंधुसमोर हा विषय काढू नकोस, ती आता कुठं सावरली आहे. घरातला डिंक वाळलाय, म्हणून पाकीट तिच्याकडंच देतो, शाळेतून चिकटवून टाकील. दुसऱ्याचं पत्र ती वाचत नाही.

आक्का, मी सिंधु. मी वाचलं. माझं चुकलं, पण बरं झालं वाचलं ते. गांधी चौकात धूळबिळ काही नव्हती. हे अर्धा तास स्कूटरच्या हँडलवर डोकं टेकून रडत होते.

माझी तारीख टळून आज चौदा दिवस झाले. विनीता मॅडमनी आठवडाभर वाट बघून परत टेस्ट करा म्हणून सांगितलं होतं, ते ह्यांनी ऐकलंच न्हाई. परवा सकाळी हे अंघोळीला गेल्यावर मी एकटीनं केली. पाणी प्याले न्हाई, घड्याळ समोर ठेवलं. तीन मिनिटं झाली न झाली तर दोन रेघा, दोन्ही ठळक. काल परत केली, तेच. मग अर्धी रजा टाकून मॅडमकडं गेले. त्यांनी तपासलं आणि हो म्हणाल्या.

ह्यांना अजून सांगितलं न्हाई. चारदा तोंडाशी आलं. पण हे आता ना माझ्यावर विश्वास ठेवतील, ना पट्टीवर, ना मॅडमवर. हसल्यासारखं करतील आणि आतून भीत राहतील. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही लातूरच्या होस्टेलवर आलात आणि घरी आता कुणी न्हाई हे ह्यांना तुमच्या तोंडानं सांगितलंत. हे मला सांगतात, रेडिओ ओरडत होता, गाववाले सांगत होते, मी कुणाचंच खरं धरलं न्हाई. आक्का बोलली तेव्हा धरलं. आता घरात कोणतरी येणार हाय, हेबी तुम्हीच येऊन सांगा. राखीपर्यंत मी कशीबशी गप्प राहते. लवकर या.