बंबोबाचा घास

२९ नोव्हेंबर १९८६, शनिवार

आलो एकदाचे! लेस्टरच्या हॉस्पिटल क्वार्टर्समधून सुटका झाली. तिथे शेजारच्या सिस्टर्सनी टोस्ट करपवला तरी वास आमच्या उशीपर्यंत यायचा. हे घर शहरापासून आठ मैलांवर, गावाच्या अगदी टोकाला आहे. मागे कुरण, कुरणात मेंढ्या. मीनलने दुपारभरात सात मेंढ्यांची बारशी उरकली. पाच वर्षांच्या माणसाचा हिशेब सोपा असतो, नाव ठेवलं की ते आपलं. घरमालकीणबाई वर्षभरासाठी मुलीकडे कॅनडाला गेल्या आहेत, म्हणून हे घर आमच्या वाट्याला आलं.

गॅस नाही, रेडिएटर नाहीत. बैठकीच्या खोलीत लाकडं जाळायचा स्टोव्ह आहे आणि सगळं घर त्याच्याच जिवावर. स्टोव्ह म्हटल्यावर मला आपला रॉकेलचा, पंप मारायचा आठवला. हे प्रकरण म्हणजे बिडाचं काळं कपाट. चार ठेंगणे पाय, पुढे काचेचं दार, वर छतातून गेलेला नळा. मिरजेला आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्याचा हा साहेबी भाऊ. मी त्याला बंब म्हणाले आणि मीनलने लगेच त्याचा बंबोबा केला. श्रीनिवास म्हणाला, नवऱ्याला कधी एवढ्या लाडाने हाक मारली नाहीस.

२ डिसेंबर, मंगळवार

बंबोबाने तीन दिवसांत नाकी नऊ आणले. बाईंनी भिंतीवर सूचना लिहून ठेवल्या आहेत. आधी कागदाचे बोळे, त्यावर बारीक ढलप्या, खालची हवेची झडप सताड उघडी, ओंडका सगळ्यात शेवटी. सगळं केलं. धूर मात्र माझ्या डोळ्यांत आणि जाळ कुठेच नाही. श्रीनिवास भूल देणारा डॉक्टर, त्याची ड्यूटी संपता संपत नाही, त्यामुळे चूल फुंकणं माझ्याच गळ्यात. परदेशी स्थळ म्हणून आईने केवढे पेढे वाटले होते!

शेवटी लाकडं विकणारा मिस्टर टेबट आला. साठीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवले. टणकन वाजलं तर वाळलेलं, दबकं वाजलं तर ओलं. राख सगळी उपसायची नाही, इंचभर तळाला राहू द्यायची, त्यात निखारा टिकतो. जाताना मागच्या पडवीत माझ्या खांद्याएवढी लाकडांची भिंत रचून गेला. तीन आठवडे पुरेल म्हणाला.

७ डिसेंबर, रविवार

आज मला हुक्की आली. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मिरजेला रोज जेवणाआधी वैश्वदेव करायचे. तूपभाताची चिमूट अग्नीला देऊन ‘अग्नये स्वाहा, अग्नय इदं न मम’ म्हणायचे. हे अग्नीचं, माझं नाही. त्याशिवाय ताटाला हात लावायचे नाहीत. म्हटलं, आपल्याही घरात आता अग्नी आहे, तो काय उपाशी राहील? काचेचं दार उघडून घास टाकला, अण्णांच्या चालीत मंत्र म्हटला. श्रीनिवास हसला. मॉनिटरवर जे दिसत नाही त्यावर त्याचा विश्वास नाही. पण दिवसभर जाळ असा काही लागला की स्वेटर काढून बसलो. देव भावाचा भुकेला, आमचा बंबोबा तुपाचा.

१४ डिसेंबर, रविवार

शाळेत जायला लागल्यापासून मीनलला वरणभात नको. बीन्स ऑन टोस्टच हवं. आज तर ताट ढकलून दिलं. मी तेव्हा बंबाच्या उघड्या दारापाशी त्याचा रोजचा घास हातात घेऊन बसले होते. डोकं फिरलं. तिचं मनगट धरून जवळ ओढलं आणि म्हणाले, जेवत नाहीस ना, मग तुलाच देऊन टाकते बंबोबाला! घे रे बाबा, ही तुझी! आणि त्याच झपाट्यात घास आत टाकून मंत्र पुरा केला. जाळ भप्पकन दारापर्यंत आला. पोरगी अशी घाबरली की मुकाट्याने दोनदा भात मागून घेतला.

श्रीनिवासला हे आवडलं नाही. मी म्हटलं, माझ्या आईने मला दिवसातून दहा वेळा गोसाव्याला दिलं होतं. कुणी नेलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

एक गंमत. रविवारपासून मी बंबात चारच ओंडके घातलेत. जाळ मात्र आहे तसा, उलट जास्तच. लेस्टरच्या मैत्रिणीला, रेखाला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, काहीतरीच काय, आमचा बॉयलर दिवसरात्र घुरघुरतो तरी पाय गार. मी जरा मिरवून घेतलं. आग राखायला हातात गुण असावा लागतो, असं ठोकून दिलं.

२८ डिसेंबर, रविवार

टेबट लाकडांची दुसरी खेप घेऊन आला. पडवीतली भिंत अजून कमरेएवढी आहे. त्याने विचारलं, तुम्ही जाळता तरी काय? कोळसा? मी म्हटलं, तुमचीच लाकडं. तो आत आला, गुडघे टेकून त्याने राखेचा ट्रे ओढला. ट्रे स्वच्छ होता. चिमूटभरही राख नाही. आणि मी ट्रे शेवटचा कधी रिकामा केला ते मलाच आठवेना.

तेवढ्यात मीनलने पुढे होऊन शहाण्यासारखा हात मिळवला. त्याने तिचा हात सोडला आणि स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिला. मी चहा टाकला होता, तो न घेताच गेला. आणलेली खेपही परत नेली. मला राग आला, आणि मग कसंसंच वाटायला लागलं. काम सुचेना. दिवसभर नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

२ जानेवारी १९८७, शुक्रवार

मीनलचं अंग गार लागतं. थर्मामीटर ३६ च्या खाली, हवा ३७. श्रीनिवास म्हणाला थर्मामीटर बिघडलाय, हॉस्पिटलातून दुसरा आणला. तोही तेच म्हणतो. मग त्याला धुराची शंका आली. माणूस बोलावून नळा, काजळी, सांधे सगळं तपासून घेतलं. आम्हा तिघांचं रक्त तपासलं. कुठेच काही नाही.

पण मी बघतेय ना. घरात असली की गाल गुलाबी. कुरणात मेंढ्यांकडे गेली की दहा मिनिटांत ओठ निळे. परत आत आली की पुन्हा छान. श्रीनिवास म्हणतो थंडीच तशी आहे. मग माझे का नाही होत?

७ जानेवारी, बुधवार

शाळेतून फोन आला. मीनल रेडिएटरला चिकटून बसली आहे, तरी कुडकुडते आहे. धावत जाऊन आणली. रस्ताभर दात वाजत होते. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि दात वाजायचे थांबले. जणू कुणी बटण बंद केलं.

आता वरच्या खोलीतही तिला थंडी वाजते. तिचं अंथरूण खाली, बंबासमोर आणलं.

९ जानेवारी, शुक्रवार

आठवलं. तूप वितळवताना एकदम आठवलं आणि हातातली पळी पडली. त्या रविवारी घास माझ्या एका हातात होता आणि पोरीचं मनगट दुसऱ्यात. ही तुझी म्हणाले. न मम म्हणाले. मी, तिची आई.

श्रीनिवासला सांगितलं. ओरडला, शिकलेली बाई ना तू? पण हसला नाही. ड्यूटीवर जाताना मीनलला दोनदा जवळ घेऊन गेला.

घास देणं बंद केलं. लाकूड घालणंही. दार उघडून पाहिलं. आत ओंडका नाही, निखारा नाही. उघड्या बिडावर जाळ उभा आहे.

मिरजेला ट्रंककॉल लावला. अण्णांनी सगळं ऐकून एकच विचारलं, न मम म्हणालीस का? मी हो म्हटलं. मग म्हणाले, दिलेलं परत मागता येत नाही गं सुलक्षणा. आणि रडायला लागले. अण्णांना रडताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

१० जानेवारी, शनिवार

ठरवलं, इथून न्यायचीच. लेस्टरची बस धरली, रेखाकडे जायला. दोन कोट, तीन मोजे, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. चर्चपाशी कुडकुडायला लागली. पुलापाशी कुडकुडणं थांबलं. मला वाटलं बरं वाटलं तिला. बघते तर डोळे वर गेलेले.

ड्रायव्हर म्हणत होता, तसाच हॉस्पिटलला नेतो. पण प्रत्येक खांबागणिक ती गार होत होती, ते मला हाताला कळत होतं. उतरले. तिला उचलून दीड मैल पळाले, बर्फाळ रस्त्यावर दोनदा पडले. फाटकापाशी तिने डोळे उघडले आणि बिस्किट मागितलं.

मी फाटकातच बसून रडले. आत न्यायलाही भीती, न न्यायलाही —

१२ जानेवारी, सोमवार

कालपासून बर्फ. रस्ता बंद. श्रीनिवास हॉस्पिटलातच अडकला. फोनवर म्हणाला अँब्युलन्स सांगितली आहे, रस्त्यावरचा बर्फ उपसतायत. तोवर तिला आगीजवळ ठेव. बाकी काही करू नकोस, फक्त आगीजवळ ठेव.

३४.८. आता बंबासमोरच्या सतरंजीच्या बाहेर गेली की निळी पडते. काल दारापर्यंत चालायचं.

मी बसू शकत नाही. खिडकी, फोन, मीनल. पुन्हा खिडकी.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी बादली ओतली. अख्खी. मग दुसरी. विझला! खोलीभर वाफ झाली. मी हसत होते बहुतेक.

मागे वळले. मीनलचा श्वास चालत नव्हता.

मीच काडी ओढली. मीच कागद घातले, ओल्या राखेवर — राख कुठली, पाण्यात. चौथ्या काडीला लागला. तिने श्वास घेतला.

मीच पेटवला. हे श्रीनिवासला कसं सांगू?

दुपारी

फोन बंद पडलाय. ती काचेला पाठ टेकून बसते. मी काचेला हात लावला तर माझा भाजला. तिची पाठ साधी लालसुद्धा नाही. म्हणते, आई, बाहेर खूप थंड आहे. बाहेर म्हणजे खोलीत. माझ्या मांडीवर.

दुसरं काही घे म्हणून किती विनवलं. मंगळसूत्र टाकलं. केस कापून टाकले. मला घे म्हटलं, मंत्र म्हटला, मोठ्याने, तीनदा. जाळ हललासुद्धा नाही.

१४ जानेवारी

३३.१

आज संक्रांत. तीळ भाजायचे होते.

काचेला चिकटलेली असूनही ओठ निळे. आता काचही आड येते.

चर्चच्या बाजूला निळा दिवा. माणसं फावडी घेऊन — येतायत. मला ओरडून काही सांगतायत. ते आले की तिला नेतील. फाटकाबाहेर नेतील. मी सांगेन, पण ऐकतील का? कोण ऐकेल?

बाहेरचं दार वाजतंय.

मीनल म्हणते ते नको उघडूस. हे उघड. आत छान आहे म्हणते. थर्मामीटर धरला तर पारा वरच येत नाही. माझा हात तिच्या छातीवर, तिथे काही लागत नाही, आणि बोलते आहे, हळूच, झोपेत बोलावं तशी —

दार वाजतंय, जोरात —

बंबाची कडी गरम नाही. इतकी कशी गार. थोडंसंच उघडते, तिला ऊब लागेल एवढंच, मी तिला घट्ट धरलंय, मी सोडणार नाही, फक्त ऊब लागेल एव