तीनदा पुकारलं

मंगळवार, संध्याकाळ

बोरगावला परत आले. दिवसभर कोर्टाच्या दाराशी बाकावर बसून होते आणि कागदावर मी गैरहजर. ऐकू येत नाही म्हणून पुकारणाऱ्या शिपायाचे ओठ बघत बसते, पण त्याच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. ओठ हलले तरी कधी? नंतर कोर्टातल्या बाबूने चिठ्ठीवर लिहून दिलं, "ताई, तीनदा पुकारलं, काऊन नाई आल्या?" घराच्या वाटणीचा माझा दावा कोर्टाने काढून टाकला. आता परत अर्ज, परत तारखा.

खर्ऱ्यावर किती चिडू? त्याच बाकावर प्रतिवादी बसला होता, माझा सख्खा भाऊ. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की कोपराने ढोसायचा. आज तेच कोपर वीतभर लांब होतं. तिन्ही वेळा हललं नाही.