अक्कांनी तळ्याकाठचं गाव निवडलं

४ जाने.
ऋचाचा परत फोन. माझा अमेरिकेचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारल्यापासून लेकीचं एकच पालुपद. मी ह्यूस्टनला जाऊ शकत नाही, ती तान्ह्या ईराला घेऊन एकटी नोकरी करते, तिला नाशिकला येणं झेपत नाही. मग मी मेक्सिकोत जाऊन राहायचं! फ्लॅट विकायचा, ते पैसे बँकेत दाखवायचे, की परवानगी मिळते म्हणे. "विमानाने दोन-अडीच तास, आई. महिन्यातून दोनदा तरी आम्ही तुझ्याकडे."
तिने तीन गावं काढलीयेत. मेरिदा, केरेतारो आणि चपाला नावाच्या तळ्याकाठचं एक. "निवड तू कर."
लग्न करून इंदिरानगरात आले तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता सदुसष्टाव्या वर्षी निवडा म्हणे.
अक्कांबद्दल, माझ्या नणंदेबद्दल, ती बोलली नाही. मीही नाही.

७ जाने.
दुपारी त्या गावांचे व्हिडिओ बघितले. पांढऱ्या केसांची गोरी जोडपी तळ्याकाठी फिरतायत. एकटी म्हातारी कुठेच दिसली नाही.
अक्का शेजारी येऊन बसल्या. त्यांना आता नुसते रंग आणि आकार कळतात. "निळं दिसतंय ते पाणी का गं?"
हो म्हटलं.
"किती मोठं?"
"गंगापूर धरणाहून मोठं."
बराच वेळ बघत बसल्या.

११ जाने.
सकाळी इन्शुलिन देताना अक्का म्हणाल्या, "शोभा, हे विमानात नेऊ देतात का?"
"देत असतील."
एवढंच बोलले. तिथेच सांगायला हवं होतं. ऋ.च्या बेतात त्या नाहीत, हे त्यांच्या डोक्यातच आलेलं नाही. का यावं? हे गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. ह्यांची थोरली बहीण, लग्न केलं नाही, शिवणक्लास चालवला. मी बँकेत जायची तेव्हा ऋ.ला त्यांनीच वाढवली.

१५ जाने.
मंदाबाई दारावर भाजी घेऊन आली. मखमलाबादकडचा त्यांचा मळा. मेथी निवडून देता देता म्हणते, "दोघीबी चालल्या म्हणं परदेशात? अक्का सांगत व्हत्या. लय लांब हाय का?"
मागून अक्का, "बुएनोस दियास, मंदा!"
तिकडचं सुप्रभात. ऋ.नेच कधीतरी फोनवर शिकवलं असणार. मंदाबाई खो खो हसली. मीही हसले. काय करणार.

१९ जाने.
गच्चीवर जाऊन ऋ.ला फोन केला. आत्याला वाटतंय तीही येणार, म्हणून सांगितलं. ती रडायला लागली.
"आई, मी विचारलंय सगळीकडे. नणंद घरातली धरत नाहीत. नवरा, मुलं, आईबाप, बास. आणि आत्याच्या नावावर काहीच नाही."
मग देवळाली कॅम्पचं वृद्धनिवास निघालं. कुणा मैत्रिणीची आजी तिथे आहे. "नुसतं बघून तरी ये. मला काय आवडतंय का हे?"
तिच्यावर चिडता येत नाही. अक्कांवर तर नाहीच. खाली उतरताना जिन्यात बसून घेतलं थोडा वेळ.

२३ जाने.
ईरा आता धरल्यावर बसते. व्हिडिओ कॉलवर मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. ऋ. म्हणाली, "अगं, झोपेला आलीये." नव्हती. पंख्याकडे बघून हसत होती की.
अक्कांनी गाव ठरवलं. जेवताना जाहीर केलं. मेरिदाला उकाडा फार, माझ्या अंगावर घामोळं येतं. केरेतारोला रात्री गारठा, माझे गुडघे धरतात. तेव्हा तळ्याकाठचं. सगळी कारणं माझी. स्वतःचं एकही नाही.
वरण-भात उरला.

२७ जाने.
झालं.
कणीक मळत होते, फोन स्पीकरवर. अक्का समोर मटार सोलत होत्या. मी काही बोलायच्या आत ऋ. म्हणाली, "देवळालीचं आत्याला सांगितलंस का?"
पिठाचे हात. बंद करायला बोटच लागेना. ती "हॅलो? आई, ऐकतेयस ना?" करत राहिली. अक्कांनी सोलणं थांबवलं नाही. उरलेल्या सगळ्या शेंगा सोलल्या, सालं गोळा केली, उठून गेल्या.
संध्याकाळी इन्शुलिनला पोट पुढे केलं, पण मान पलीकडे.

२८ जाने.
"कधी ठरलं?"
"ठरलं नाहीये, अक्का."
"मग इतके दिवस मला गाव का निवडू दिलंस?"


१ फेब्रु.
अक्काच म्हणाल्या, चल, बघून येऊ. रिक्षाने देवळालीला गेलो. जागा स्वच्छ. बाहेर झाडं. एका खोलीत दोघी, दुसरी बाई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. अक्कांनी गादी चाचपली, भिंत चाचपली, दिव्याचं बटण शोधलं. दोनदा लावलं, दोनदा बंद केलं.
व्यवस्थापकांना विचारलं, "इन्शुलिन कोण देतं?"
"सिस्टर येतात ना सकाळी."
"आणि संध्याकाळचं?"
"करू काहीतरी. बऱ्याच जणी स्वतःच घेतात."
परतताना रिक्षात म्हणाल्या, "बरं आहे गं. तू जा. पोर मोठी होऊन जाईल, मग काय उपयोग?"
मला वाटलं, आता सुटले. आणि मग लक्षात आलं, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलंय. खड्ड्यांसाठी असेल म्हटलं. रस्ता गुळगुळीत लागला तरी सोडलं नाही. घर आल्यावर उतरायलाच सोडलं.
पांढरी पडली होती बोटं माझी.

३ फेब्रु.
ऋ.ला मेक्सिकोच्या व्हिसासाठी माझ्या मुलाखतीची वेळ घ्यायचीय. "कोणतं गाव लिहू, आई? आज तरी सांग." उद्या सांगते म्हटलं. काल पण हेच म्हटलं होतं.
अक्का दुपारपासून जेवणाच्या टेबलाशी बसल्यात. समोर संत्रं, हातात इन्शुलिनचं रिकामं होत आलेलं पेन. आकडे दिसत नाहीत, म्हणून पेनाचं टोक फिरवताना वाजणाऱ्या टिचक्या कान लावून मोजतात, एक टिचकी म्हणजे एक युनिट, संत्र्यात सुई खुपसतात, परत पहिल्यापासून. माझी मदत नको. मी इथे स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून हे लिहितेय.
आत्ताच म्हणाल्या, "शोभा, ऐकलंस ना? आता बरोबर आलं की नाही, सांग."
दोन टिचक्या जास्त होत्या.
मी अजून काही बोललेले नाही. त्या माझ्याकडे, म्हणजे दाराच्या जरा डावीकडे, तोंड करून थांबल्यात.