जवळच्या शेडचं पाणी

रविवार, ता. ४

चि. ठमीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तर सगळ्यांत आधी आला तो लसवाला, आणि तोही दाढी न करता. त्याच्यामागून कोंबड्यांचे डॉक्टर नि त्यांची मदतनीस पोरगी, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. इतकी माणसं एकदम आपल्या अंगणात कधी आली होती, सांग! मी हरखून चांगले कप काढले, तर डॉक्टर लांबूनच हात हलवून म्हणाले, आजी, जवळ येऊ नका, चहा नको. मग मी कप तसेच परत फळीवर ठेवले.

स्वयंपाकघरामागच्या शेडमध्ये शुक्रवारी चार कोंबड्या गेल्या, काल अकरा, आज सकाळी साठ. हिरवी पातळ विष्ठा, उघड्या चोचीतून घरघर. माझी तुरेवाली मान पाठीकडे मुरगळून स्वतःभोवतीच फिरत होती. मला आधी हसू आलं गं, मग रडू आवरेना. डॉक्टरांनी मेलेली एक कापून पोटातले लाल ठिपके दाखवले. कोंबड्यांची मानमोडी दिसते म्हणाले, पक्कं तपासणीत कळेल.

तुझा बाप म्हणाला, तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतःच्या हातानं लस दिलीय, म्हणजे लसच नासकी. लसवाला उसळला, बर्फाच्या डब्यातून दिलीय म्हणाला. अशी जुंपली दोघांची! पण लस नासकी असली, तर तीच आपल्या दूरच्या शेडलाही दिलेली. तिथल्या दोन हजार अजून धडधाकट आहेत. तुझा बाप म्हणतो, आजार तिथून शेजाऱ्यांच्या शेडमध्ये जायच्या आत येत्या शुक्रवारी त्याही मारून पुरायच्या. खड्ड्याची जागासुद्धा आखली.

हो, एक सांग. पाण्यातून लस देताना कोंबड्यांना आधी तहानलेलं का ठेवतात? सहज विचारते. फोन तुझ्या बापाच्या खिशात, म्हणून बसच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी देते. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझी आजी

सोमवार, ता. ५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गातच वाचलं. इथं जनावरांची डॉक्टरकी शिकतेय, पण हा आजार पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या घरामागं असणं वेगळं.

आधी हे ऐक. जवळच्या शेडच्या चपला दूरच्या शेडकडे न्यायच्या नाहीत, बादल्यासुद्धा नाहीत. मेलेल्या कोंबड्या चुना टाकून खोल पुरायच्या. आणि तुझ्या तुरेवालीला मांडीवर घेऊन बसू नकोस. घेतलीच असशील, मला ठाऊक आहे.

आता तुझा प्रश्न. तहानलेल्या कोंबड्या लसीचं पाणी तासा-दोन तासांत संपवतात. पोट पाण्यानं भरलेलं असलं, तर त्या भांड्याला चोचही लावत नाहीत. पाणी तसंच पडून राहतं आणि लस त्यातच मरते. मग दिली काय नि न दिली काय, सारखंच.

आजी, तू आयुष्यात सहज म्हणून काही विचारलं नाहीस. काय झालंय? बाबांना सांगता येत नसेल तर मला सांग, पण शुक्रवारच्या आत.

तुझ्या पायाशी बसून राहावंसं वाटणारी,
ठमी

मंगळवार, ता. ६

चि. ठमीस आजीचे आशीर्वाद, घेशील तर.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि पदरात लपवलं. मग म्हटलं, म्हातारे, लपवून लपवून किती लपवशील?

लसीच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. तुझ्या बापानं पाण्याची भांडी उचलली आणि लस आणायला गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला जवळच्या शेडमधल्या कोंबड्या आ वासलेल्या दिसत होत्या. जीव राहीना गं. भांडी परत मांडून आठ बादल्या पाणी घातलं. काय प्यायल्या! मला इतका आनंद झाला, की त्यांच्याशी गप्पा मारत बसले. गाडी वाजली तशी भांडी पुन्हा उचलून ठेवली. दूरच्या शेडपर्यंत माझे गुडघे जात नाहीत, म्हणून तिकडच्या तहानलेल्याच राहिल्या. तुझ्या बापानं दोन्हीकडे लसीचं पाणी ठेवलं. जवळच्या शेडमध्ये ते तसंच उरलं, ते मी मोरीत ओतून भांडी घासून टाकली. रिकामी भांडी बघून त्याला वाटलं, सगळं प्यायल्या.

आज डॉक्टर नि लसवाला आले, मेलेल्यांचा आकडा दोनशेवर गेला होता. तुझं पत्र हातात धरून अंगणात सगळ्यांदेखत सांगून टाकलं. लसवाल्यानं सुटलो बाबा म्हणत कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र म्हणाले, आजी, हे रविवारीच सांगायचं होतं. मग ते दुसऱ्या स्वच्छ चपला घालून दूरच्या शेडमध्ये गेले आणि वीस कोंबड्यांचं रक्त काढलं. लस लागली असेल तर रक्तात दिसतं म्हणे. दिसली तर त्या दोन हजार जगतील. नाही दिसली तर शुक्रवार आहेच.

तुझा बाप ओरडला असता तर बरं झालं असतं. दिवसभर चुना टाकून मेलेल्या पुरत राहिला, चहा तसाच ठेवला. आत्ता दिवेलागणीला उंबऱ्याशी आला आणि एवढंच विचारलं, आई, फार तहानल्या होत्या का गं? मी हो म्हटलं. गार झालेला तो चहा त्यानं उभ्यानंच पिऊन टाकला.

माझ्यावर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी आजी

ता. क. ती पांढऱ्या कपड्यांतली मंडळी रक्ताचा निकाल घेऊन गुरुवारी येतो म्हणाली.