आमची बी पट्टी घ्या

आबा, काल नगरपालिकेची सभा झाली आणि तुमची लेक आपल्याच पक्षाच्या ठरावाविरुद्ध उभी राहून बोलली. घरी आले ती तशीच पायरीवर बसले. आई असती तर तिनं आधी गूळ-पाणी दिलं असतं आणि मग चार शब्द सुनावले असते. ती नाही, तुम्ही तर केव्हाच गेलात, म्हणून आज जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरातच बसून हे लिहिते आहे. मी नगरसेविका झाले हेही तुम्हाला ठाऊक नाही. राजकारण म्हणजे चिखलातली म्हैस, लांबून बघावी, असं तुम्ही म्हणायचात. मी जवळ गेले. पण काल जे बोलले ते तुमच्या नाक्यावरचं होतं, म्हणून तुम्हालाच सांगायचं.

माझ्या मुलाला आता जकात म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. गावात येणाऱ्या मालावर पालिका कर घ्यायची आणि त्यासाठी सांगली रस्त्यावर एक पत्र्याची खोली आणि आडवा बांबू होता, त्या खोलीत तुझे आजोबा कारकून होते, असं मी त्याला सांगते. घागरीची गोष्ट सांगितली की तो पोट धरून हसतो. आई सांगलीहून मावशीकडून येते आहे, पायाशी नवी पितळी घागर आहे आणि तिच्यावर लुगड्याचा घोळ पसरलेला आहे. एसटी नाक्यावर थांबते. तुम्ही आत चढता, आईकडे बघता, घोळाकडे बघता आणि शांतपणे म्हणता, “बाई, पावती करावी लागंल.” बाई! सगळी एसटी हसली आणि आईनं पदराची गाठ सोडून पैसे दिले. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. तुम्ही अवाक्षर न काढता दोनदा वाढून घेतलीत.

असे तुम्ही, आणि तरी तुमच्याच हातून एकदा चूक झाली होती. जतकडचा एक मेंढपाळ उन्हाळ्यात मेंढरं घेऊन नदीकाठच्या शेतांत खतासाठी बसवायला यायचा. येताना बाजारात विकायला घरी विणलेली घोंगडी आणायचा. त्याचे भेगाळलेले पाय बघून तुम्हाला दया आली आणि तुम्ही पावती न करताच बांबू वर केलात. पुढच्या बाजारी तो तुमच्या टेबलापुढे उभा राहिला. मी तेव्हा तुमचा डबा घेऊन आले होते, त्याचा चढलेला आवाज अजून कानात आहे. “आवं सायेब, बाजारात समद्यांनी पावती दावली, माज्याकडं न्हाई. नाका चुकवून आला म्हनून मला उठीवला. फुकट सोडून माजी लय शोभा केली तुमी.” तुम्ही खुर्चीवरून उठून हात जोडलेत. मग त्याच्याकडचं एक घोंगडं विकत घेतलंत. घरी आल्यावर आईला म्हणालात, “दया दावायची लय हौस आल्ती मला. त्येला दया नगं हुती, पावती पायजे हुती.” मी वाईला शिकायला निघाले तेव्हा तेच घोंगडं तुम्ही माझ्या वळकटीत बांधलंत. अजून आहे. कडेनं विरलंय, पण ऊब तीच आहे.

मग सरकारनं जकात बंद केली. व्यापाऱ्यांनी नाक्यावर फटाके लावले, गुलाल उधळला आणि एकानं तुमच्याही हातावर पेढा ठेवला. तुम्ही तो खाल्लात. “त्येंचं बी खरं हाय,” म्हणालात. गाड्या तासन्‌तास खोळंबायच्या, भाजी सुकायची, आणि नाक्यावर सगळेच काही तुमच्यासारखे नव्हते. पण जाताना बांबूवर हात ठेवून म्हणालात, “आता गाव फौजीच्या घरावानी. मनीऑर्डर कवा येती बघत बसायचं.” तसंच झालं आहे, आबा. पैसा मुंबईहून येतो, तोही उशिरा, आणि ज्यांचे लोक सरकारात बसलेत त्यांच्या दारी आधी. आमच्या पाण्याच्या पाइपलाइनचा कागद वर्षानुवर्षं तिकडे धूळ खात होता. शेवटी आम्ही सत्तेतले सगळे नगरसेवक एका गाडीत बसून गेलो आणि नव्या पक्षाचं उपरणं गळ्यात घालून आलो. तुम्ही असता तर माझ्याशी बोलला नसता. पण पाइपलाइन आली, हेही खरं. आता माळावरच्या बायकांच्या डोक्यावर हंडे नाहीत. त्या उपरण्याची मला लाज वाटते आणि नळाचा आनंद होतो, दोन्ही एकदमच.

त्या माळावर आता वस्ती आहे. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी जतकडची घरं तिथं स्थिरावली आहेत. काही पत्र्याची, काही विटांची, आणि जागा सरकारी. यंदाच्या निवडणुकीत आमच्या पक्षानं वचन दिलं की लहान घरांची घरपट्टी माफ. मला ते मनापासून पटलं होतं. प्रचारात मीच घसा फोडून सांगत होते. वाटलं, गरिबाच्या डोक्यावरचं ओझं उतरतंय, यात कुणाचं काय बिघडतं? पुन्हा निवडून आल्यावर ठराव तयार झाला. आणि मग त्या वस्तीतली एक म्हातारी माझ्या दारात आली. चहा दिला तर बशीला हात लावीना.

“पट्टी माफ करताय म्हनं.”

“हो आजी. तुमच्यासाठीच.”

“आमास्नी इचारलं व्हय कुनी? पट्टी न्हाई म्हंजे पावती न्हाई. पावती न्हाई म्हंजे घर न्हाई. त्या पावतीवर लाईट घेतली, रेशन घेतलं, नातीला शाळंत घातली. उद्या जेशीबी आला तर काय दावू त्येला, तुमचं भाषन?”

तुमच्या टेबलासमोर उभा राहिलेला तो मेंढपाळच माझ्या उंबऱ्यात आला होता जणू. दया दाखवायची लय हौस मलाही आली होती. म्हातारी उठता उठता म्हणाली, “जत्रंला बी घरटी पट्टी देतो आमी. जो देत न्हाई, त्येला पालखीला खांदा द्यायला तोंड न्हाई. आमची बी पट्टी घ्या, ताई.”

मी आमच्या गटनेत्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “ताई, जाहीरनाम्यात छापलंय. तुमी हात वर करा अन्‌ खाली बसा.” काल सभागृहाच्या दाराशी वस्तीतल्या बायका येऊन बसल्या होत्या. ठराव वाचून झाला, हात वर जायला लागले आणि मी उभी राहिले. भाषण वगैरे काही केलं नाही. तुमच्या नाक्यावरची घोंगड्याची गोष्ट सांगितली, तुमचं नाव न घेता. आधी सगळे हसले, मग कुणी हसेना. मी म्हटलं, नावापुरती का होईना, पट्टी घ्या आणि पावती द्या. विरोधकांनी लगेच बाकं वाजवली, त्यांना आमची फजिती हवी होती. आमचे लोक माझ्याकडे बघेनात. मग एकानं दाराकडे नजर टाकली, दुसऱ्यानं टाकली. दारात बसलेली ती सगळी मतं आहेत, हे त्यांना माझ्याआधी कळतं. ठराव दुरुस्त झाला. पट्टी नाममात्र, पावती दर वर्षी. म्हातारीनं दारातूनच मला हात केला.

संध्याकाळी तालुकाध्यक्षांचा फोन आला. आवाज लोण्यासारखा. “ताई, बोललात छान. पुढच्या वेळी तिकिटाचं मात्र धरून चालू नका.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून रडले. मला हे काम आवडतं, आबा. गटारं, दिवे, नळ, लोकांची भांडणं, सगळं आवडतं. ते हातचं जाईल याचं वाईट वाटतंय आणि मी ते झाकणार नाही. पण परत तशीच वेळ आली तर परत उभी राहीन, एवढंही कळलं.

हे पत्र टाकायचं कुठं? घोंगड्याच्या घडीत ठेवून देते. जाता जाता एक सांगायचं राहिलंय. आपल्या घराची घरपट्टी अजून तुमच्याच नावावर येते. वसुलीचा कारकून दर वर्षी म्हणतो, “ताई, तुमीच नगरसेवक, नाव तेवढं बदलून घ्या की, एक अर्ज द्या फक्त.” मी मान डोलावते, कामाच्या गडबडीत राहिलं म्हणते. कामाचं काही नाही. मी पट्टी भरते, मग पावती झाली की तो खिडकीतून तुमचं नाव मोठ्यानं पुकारतो, आणि मी “हो, आहेत” म्हणून पुढं होते.