आपोआप लागणारं दार

प्रिय आई,

इथली दारं आपोआप लागतात. सोमवारी कचरा टाकायला सपाता घालून बाहेर पडले आणि मागे दार खटकन बंद! किल्ली आत, फोन आत. शेजारची चार दारं ठोठावली. आत टीव्ही चालू, पण एक मेला दार उघडेल तर शपथ! हे कामावरून येईपर्यंत तीन तास गार जिन्यात बसले. आपल्या घराला दिवसा कधी कडी लागली होती का गं?

काल आमची बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं, तर वरच्या मजल्यावरची म्हातारी. पायात सपाता, हात रिकामे. मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि श्वास रोखून उभी राहिले.

हे पत्र कसं पाठवू? तू पहिलं हेच विचारशील, "मग ती कुठे बसली गं?"

तुझी,
धाकटी